पॉपिगाईनं काहीच का मारलं नाही, आणि चिक्शुलुबनं एवढं का मारलं

एकानं विचारलेला प्रश्न असा आहे की सायबेरियातलं पॉपिगाईचं विवर 100 किलोमीटरचं, मेक्सिकोतलं चिक्शुलुब त्याच्या साधारण दुप्पट, मग एकानं डायनासोर संपवले आणि दुसऱ्यानं कुणाचंच फारसं वाकडं केलं नाही हे कसं काय, बाकीच्या चार मोठ्या महाविनाशांची विवरं अजून सापडायची आहेत की ती मुळात नाहीतच, आणि डायनासोर नक्की लघुग्रहानं मेले की डेक्कनच्या ज्वालामुखीनं. तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत, सुटे करून उत्तर देता येत नाही, त्यामुळे एकत्रच सांगते आणि लांब सांगते. गेली वीसेक वर्षं माझं काम म्हणजे इम्पॅक्टच्या, म्हणजे अवकाशातला दगड आदळलेल्या जागच्या, खडकांचे थिन सेक्शन (पातळ काप) मायक्रोस्कोपखाली लावायचे आणि क्वार्ट्झचे कण एक एक करून तपासायचे. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसलीये ती आधीच सांगते: खड्डा किती मोठा यापेक्षा दगड कशावर पडला हे जास्त महत्त्वाचं, आणि तो नक्की कधी पडला हे कळल्याशिवाय तर पुढे एक अक्षरही बोलता येत नाही.

आधी विवर कसं होतं ते. मऊ मातीत गोटी टाकली की खळगा पडतो तसं चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, पण सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगानं दगड येतो तेव्हा जमिनीला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. दाबाची लाट खडकात घुसते, दगड स्वतः बहुतेक सगळा वितळून आणि वाफ होऊन जातो, आणि लाट पुढे निघून गेली की दाब एकदम सुटतो आणि खालचा खडक वर आणि बाहेर फेकला जातो, म्हणजे हा प्रकार खणण्यापेक्षा स्फोटाच्या जवळचा आहे. म्हणूनच दगड बराच तिरका आला तरी विवर गोलच होतं, आणि रुंदी दगडाच्या ढोबळमानानं दहा-वीस पट भरते. लहान विवरं साध्या वाटीसारखी राहतात, ॲरिझोनातलं 1.2 किलोमीटरचं बघा किंवा बेसाल्टमधलं लोणारचं 1.8 किलोमीटरचं. त्याहून बरंच मोठं झालं की कडा आत ढासळतात, तळ मधोमध वर उसळतो, आणि आणखी मोठं झालं की तो मधला डोंगरही स्वतःच्या वजनानं बसतो आणि त्याचं गोल कडं तयार होतं, त्याला पीक रिंग म्हणतात. चिक्शुलुबमध्ये आधी साधारण 100 किलोमीटर रुंद आणि 30 किलोमीटर खोल असा तात्पुरता खड्डा झाला आणि तो काही मिनिटांत कोसळून भरूनही गेला. खडक पाण्यासारखा वागला, दुसरा शब्द नाही त्याला. 2016 मध्ये याच पीक रिंगमध्ये समुद्रातून ड्रिलिंग झालं, समुद्रतळाखाली साधारण 500 ते 1,335 मीटरपर्यंतचा कोअर (खडकाचा लांब दंडगोल नमुना) काढला, आणि त्यात जो ग्रॅनाइट मिळाला तो मुळात आठ-दहा किलोमीटर खोल असायचा तिथला होता, आणि नेहमीच्या ग्रॅनाइटपेक्षा हलका, सच्छिद्र, सगळा आतून मोडलेला.

आता पुरावा कशाला म्हणायचं ते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. गोल आकार हा पुरावा नाही. गोल तलाव, गोल टेकड्या, गोल ज्वालामुखी, मिठाचे घुमट, सॅटेलाइट फोटोत गोल दिसणाऱ्या गोष्टी शेकड्यानं सापडतात, आणि पृथ्वीवर पक्की झालेली इम्पॅक्ट विवरं मात्र दोनशेच्या आसपासच आहेत. पक्कं करायला खडकात तो दाब दिसावा लागतो जो दुसरं काहीच देऊ शकत नाही, ना भूकंप ना ज्वालामुखी. क्वार्ट्झच्या कणात समांतर, सरळ, अगदी जवळजवळ पट्ट्या येतात, अंतर हजारात एक मिलिमीटरच्या हिशोबात, आणि त्या पट्ट्या स्फटिकाच्या ठरावीक दिशांनाच असतात, दोन-तीन दिशांचे संच एकमेकांना छेदतात. याला शॉक्ड क्वार्ट्झ म्हणतात. डोंगर घडताना पडणाऱ्या रेषाही वरवर तशाच दिसतात पण त्या जाड असतात, थोड्या वाकलेल्या असतात आणि सहसा एकाच दिशेच्या. सुरुवातीच्या वर्षांत एका सॅम्पलवर मी तीन आठवडे घालवलेत, पट्ट्या दिसत होत्या, मनाला हवं होतं की शॉकच्या असाव्यात, आणि मग एकेका पट्टीचा कोन यू-स्टेजवर (कण हवा तसा कलवून कोन मोजायचं मायक्रोस्कोपचं साधन) मोजला तेव्हा कोन कुठल्याच ठरावीक दिशेत बसेनात. तेव्हापासून नुसता फोटो दाखवून कुणी विवर सापडलं म्हटलं तर मी कोनांचा तक्ता मागते. शॅटर कोन, म्हणजे खडकात उमटलेले शंकूसारखे फुटव्याचे ठसे, हा दुसरा पक्का पुरावा, आणि तो बरा की हातात धरून डोळ्यांनी दिसतो.

डायनासोरांच्या गोष्टीत मात्र विवर आधी नाही सापडलं, धूळ आधी सापडली, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. इटलीत गुब्बिओजवळ चुनखडीच्या थरांत सेंटीमीटरभर जाडीचा चिकणमातीचा थर आहे, त्याच्या खाली क्रेटेशियसचे, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातले, मोठे, नक्षीदार फोरॅमिनिफेरा (कवच करणारे समुद्री सूक्ष्मजीव), वर जवळजवळ काहीच नाही. भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझला जाणून घ्यायचं होतं की हा थर साचायला किती वर्षं लागली असतील. अवकाशातून बारीक धूळ सतत पडत असते आणि तिच्यात इरिडियम असतं जे पृथ्वीच्या कवचात नगण्य आहे, तर इरिडियम मोजून काळ काढू अशी त्याचे वडील लुइस अल्वारेझ यांची कल्पना. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजलं आणि इरिडियम निघालं नेहमीच्या तीसपट. डेन्मार्कच्या थरात 160 पट, न्यूझीलंडमध्ये वीसपट. नुसत्या नेहमीच्या धुळीतून एवढं साचणं शक्य नव्हतं. जवळच्या ताऱ्याचा स्फोट झाला असेल का हेही त्यांनी तपासलं, त्यासाठी प्लुटोनियम-244 शोधलं, ते नव्हतं. 1980 च्या पेपरमध्ये त्यांनी साधारण 10 किलोमीटरचा लघुग्रह पडला असं मांडलं, तेव्हा हातात विवर नव्हतं. त्याच सुमारास यान स्मित स्पेनमधल्या थरावरून स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता.

विवर मिळायला आणखी दहा-अकरा वर्षं लागली, आणि खरं तर ते आधीच मिळालेलं होतं. 1978 मध्ये ग्लेन पेनफील्ड युकातानच्या किनाऱ्यावर तेलाच्या शोधासाठी केलेला चुंबकीय सर्व्हे बघत होता, त्यात समुद्राखाली अर्धवर्तुळ दिसलं, जुना गुरुत्वाकर्षणाचा नकाशा जोडल्यावर उरलेलं अर्धं जमिनीवर. त्यानं आणि आंतोनियो कामार्गोनं 1981 मध्ये परिषदेत हे सांगितलंही, पण इम्पॅक्टवाली माणसं त्या खोलीत नव्हती, आणि तेलाच्या विहिरींतून आलेल्या वितळलेल्या खडकाला तोवर ज्वालामुखीचा अँडेसाइट समजलं गेलं होतं. तिकडे दुसऱ्या बाजूनं माणसं जवळ सरकत होती: मोंटानामध्ये शॉक्ड क्वार्ट्झ, टेक्सासात ब्राझोस नदीकाठी त्सुनामीसारखे अस्ताव्यस्त थर, हैतीमध्ये अर्धा मीटर जाड काचेच्या गोळ्यांचा थर. मेक्सिकोच्या आखाताकडे जावं तसा थर जाड होत गेला आणि कण मोठे होत गेले. 1991 मध्ये ॲलन हिल्डेब्रँड, पेनफील्ड, कामार्गो आणि इतरांचा पेपर आला आणि दोन्ही टोकं जुळली. म्हणजे जगभर आधी राख, मग राख कुठून आली ती चूल. ज्या-ज्या महाविनाशाला विवर जोडायचं असेल तिथे अशी जगभरची राख आधी दाखवावी लागते, नुसती चूल दाखवून भागत नाही.

आता पॉपिगाई. वय साधारण 3.57 कोटी वर्षं, म्हणजे इओसीन कालखंडाच्या शेवटाकडे. त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीकचं विवर पडलं, ते मोजायच्या पद्धतीप्रमाणे 40 ते 85 किलोमीटर. दोन मोठे मार, भूशास्त्राच्या हिशोबात जवळजवळ एकत्र, जगभर त्यांच्या काचेच्या गोळ्यांचे थर सापडतात, म्हणजे राखही आहे आणि चूलही आहे. आणि त्या थराच्या खाली-वर जीवाश्म बघितले तर जवळपास तेच जीव पुढे चालू. इओसीन-ऑलिगोसीनच्या सीमेवर जे बदल झाले, अंटार्क्टिकावर बर्फ, थंडी, काही सस्तन प्राण्यांची उलथापालथ, ती सीमा 3.39 कोटींची, मध्ये साधारण 18 लाख वर्षं गेली. हे दोन्ही जोडायचे प्रयत्न झाले पण थर ऐकत नाहीत.

अशी विवरं पुष्कळ आहेत. क्यूबेकमधलं मॅनिकुआगन, अवकाशातून दिसणारा तो गोल तलाव, मूळ विवर शंभरेक किलोमीटरचं, एकेकाळी ट्रायासिकच्या अंताला हेच जबाबदार असं लिहिलं जायचं. मग वय नीट काढलं तर साधारण 21.5 कोटी, आणि ट्रायासिकचा अंत साधारण 20.15 कोटी, सव्वा कोटीहून जास्त वर्षांचा फरक. दक्षिण आफ्रिकेतलं मोरोक्वेंग सत्तरेक किलोमीटरचं, ज्युरासिक-क्रेटेशियस सीमेच्या आसपासचं, तिथे मोठा महाविनाशच नाही. (मोरोक्वेंगच्या वितळलेल्या खडकात खोल ड्रिलिंगमध्ये अशनीचा 25 सेंटीमीटरचा तुकडा न वितळता सापडलाय, एवढ्या मोठ्या विवरात असं कधी मिळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.) जर्मनीतलं रीस 24 किलोमीटरचं, जवळपासचं सगळं नक्कीच मेलं असणार, पण जगाच्या जीवाश्मांत त्याचा पत्ताही लागत नाही. सगळ्यात मोठी दोन, दक्षिण आफ्रिकेतलं फ्रेडेफोर्ट साधारण 202 कोटी वर्षांचं आणि कॅनडातलं सडबरी 185 कोटींचं, तेव्हा मारायला प्राणी नव्हतेच, सूक्ष्मजीव होते.

आणि सगळ्यात उलटं उदाहरण ऑर्डोव्हिशियनचं. साधारण 46.6 कोटी वर्षांपूर्वी लघुग्रहांच्या पट्ट्यात एक मोठा पिंड फुटला आणि त्याचे तुकडे पृथ्वीवर पुढे कितीतरी लाख वर्षं नेहमीपेक्षा खूप जास्त पडत राहिले. स्वीडनमधल्या चुनखडीच्या खाणीत त्या काळचे शंभराहून जास्त अशनी जीवाश्मासारखे थरात अडकलेले मिळालेत, फरशीच्या दगडात काळा डाग दिसतो तो अशनी असतो. आणि त्याच काळात समुद्रातली जीवविविधता कमी न होता वाढत होती. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, त्यावर वाद चालू आहे, पण दगड पडले म्हणजे जीव मेले हे समीकरण इथे सरळ सरळ मोडतं.

मग चिक्शुलुबमध्ये वेगळं काय? आकार मोठा होताच, साधारण 180 ते 200 किलोमीटर, त्यामुळे ऊर्जा पॉपिगाईच्या कितीतरी पट. पण मला विचाराल तर खरा घात जागेनं केला. युकातान म्हणजे तेव्हाचा उथळ समुद्र आणि खाली साधारण तीन किलोमीटर जाडीचे चुनखडी, जिप्सम आणि ॲनहायड्राइटचे थर. चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो, जिप्सम-ॲनहायड्राइटमधून गंधक. पॉपिगाई पडलं ते बरंचसं नाइस नावाच्या जुन्या स्फटिकी खडकावर, त्यात ग्राफाइट होतं त्याचे हिरे झाले, आजही तिथे इम्पॅक्टचे हिरे आहेत, पण गंधक वर जायला खाली गंधक हवं ना. 2016 च्या कोअरमध्ये जी गोष्ट सापडली नाही तीच बोलकी आहे: आजूबाजूच्या विहिरींत ॲनहायड्राइट भरपूर, आणि विवरात परत येऊन पडलेल्या दगडगोट्यांत ते जवळजवळ नाहीच. गेलं कुठे, तर वर. नक्की किती गंधक वर गेलं यावर आकडे बदलतायत, अलीकडच्या मोजमापात आधीच्या अंदाजांपेक्षा बरंच कमी निघालंय, म्हणून मी आकड्यावर अडून बसत नाही. शिवाय काजळी आहे, जगभरच्या सीमाथरात (क्रेटेशियसच्या अंताच्या त्या चिकणमातीच्या थरात) वेंडी वॉल्बॅकनं 1980 च्या दशकात मोजलेली, काही जंगलांच्या आगीची, काही खुद्द विवराच्या खडकातल्या सेंद्रिय द्रव्याची. आणि बारीक सिलिकेट धूळ, जिच्याकडे मधे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं. 2023 मध्ये नॉर्थ डकोटाच्या थरातल्या धुळीचे कण मोजून मॉडेल चालवलं तर एवढी बारीक धूळ हवेत वर्षानुवर्षं टिकते आणि प्रकाशसंश्लेषण जवळपास दोन वर्षं बंद पडतं असं आलं.

2017 मध्ये दोन जपानी संशोधकांनी एक हिशोब मांडला होता: त्या काळच्या पृथ्वीच्या पृष्ठभागापैकी फक्त 13 टक्के भाग असा होता की जिथे पडल्यावर एवढी काजळी उठून एवढा विनाश झाला असता. त्यांचा भर काजळीवर आहे आणि त्या भराशी मी पूर्ण सहमत नाही, पण विचाराची दिशा बरोबर वाटते. तोच दगड थोडा आधी किंवा थोडा नंतर आला असता, पृथ्वी तेवढी फिरून खोल समुद्र किंवा जुना ग्रॅनाइट समोर आला असता, तर कदाचित आज आपण त्याला आणखी एक पॉपिगाई म्हणत असतो. कोनही वाईट होता, विवराच्या रचनेवरून काढलेल्या मॉडेलप्रमाणे तो जमिनीशी साधारण 60 अंशांनी आला, आणि या कोनातच सगळ्यात जास्त वायू वर जातो.

कोण मेलं, कोण वाचलं यातही अंधाराची खूण स्पष्ट दिसते. एकूण प्रजातींपैकी साधारण 75 टक्के गेल्या. समुद्रात वर तरंगणारे, चुन्याचं कवच करणारे सूक्ष्म जीव जवळजवळ साफ झाले, त्यांच्यावर जगणारे अमोनाइट (गोल गुंडाळलेल्या कवचाचे समुद्री जीव) गेले, मोसासोर (मोठे समुद्री सरपटणारे प्राणी) गेले. समुद्राचं पाणीही आम्लधर्मी झालं, नेदरलँड्समधल्या एका गुहेतल्या थरातल्या फोरॅमिनिफेरांवरून पीएच साधारण 0.25 नं उतरला असं निघालंय. जमिनीवर 25 किलोपेक्षा जड चारपायी प्राणी मगरी वगैरे सोडल्या तर जवळपास कुणी उरलं नाही. पण नदी-तळ्यातलं जग बरंच वाचलं, कासवं, मगरी, बेडूक, आणि त्याचं कारण असं दिलं जातं की तिथली अन्नसाखळी सडक्या पालापाचोळ्यावर चालते, ताज्या हिरव्या पानावर नाही. सूर्य बंद झाला तरी कुजका पाला संपायला वेळ लागतो. थराच्या लगेच वर नेच्यांचे बीजाणू एकदम वाढतात, जळालेल्या उजाड जमिनीवर पहिल्यांदा नेचे येतात तसं. आघाताच्या दणक्यानं किंवा आगीनं मेले असते तर विनाश मेक्सिकोच्या जवळ जास्त आणि लांब कमी दिसायला हवा होता, पण न्यूझीलंडपर्यंत सगळीकडे तो दिसतो, म्हणजे मारलं ते आकाशानं, दणक्यानं नाही.

बाकीच्या चार महाविनाशांचं उत्तर मात्र थोडक्यात आहे. सगळ्यात मोठा पर्मियनच्या अंताचा, 25.19 कोटी वर्षांपूर्वी, समुद्रातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रजाती गेल्या, आणि त्याच वेळी सायबेरियन ट्रॅप्सचा लाव्हा कोळशाच्या आणि मिठाच्या थरांतून वर येत होता. इथेही इम्पॅक्ट शोधायचे खूप प्रयत्न झाले, फुलरीनमध्ये (कार्बनच्या पोकळ रेणूंत) अवकाशातला वायू सापडल्याचा दावा 2001 मध्ये आला तो इतरांना परत मिळवता आला नाही, 2004 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या बेडू नावाच्या उंचवट्याला विवर म्हटलं गेलं, त्यात पटेल असा शॉक दिसला नाही. ट्रायासिकचा अंत मध्य अटलांटिकच्या प्रचंड लाव्हाशी जुळतो. ऑर्डोव्हिशियनचा अंत हिमयुगाशी. डेव्होनियनचा सगळ्यात गुंतागुंतीचा, स्वीडनचं सिल्यान विवर त्याच्या आसपासचं पण वेळ जुळत नाही आणि तो विनाश एका फटक्यात झालेलाही नाही. कुणी म्हणेल की 20 कोटींहून जुना समुद्रतळ आता पृथ्वीच्या पोटात गेलाय, विवर तिथे असेल. असू शकेल, पण मग राख? राख जमिनीवर आणि उथळ समुद्रात पडते, ती पोटात जात नाही, आणि या चारही सीमांवर लोकांनी चाळीस वर्षं इरिडियम आणि शॉक्ड क्वार्ट्झ शोधलंय. चिक्शुलुबसारखं कुठेच मिळालेलं नाही. 1984 मध्ये रॉप आणि सेप्कोस्की यांनी दर 2.6 कोटी वर्षांनी विनाश होतात असं आकडेवारीतून मांडलं, त्यावरून सूर्याला एक अदृश्य जोडीदार तारा आहे आणि तो धूमकेतू ढकलतो अशीही कल्पना आली. असा तारा कधी सापडला नाही, आणि विवरांच्या वयांत एवढी अनिश्चितता असते की त्यातून चक्र काढणं मला कधीच पटलेलं नाही.

डेक्कनबद्दल लोक अगदी पक्ष घेऊन बोलतात, म्हणून जरा सावकाश सांगते. डेक्कनचा लाव्हा आणि चिक्शुलुब एकाच काळातले आहेत हे पक्कं. लाव्हाचा मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला आणि क्रेटेशियसच्या अंताची सीमा त्या काळाच्या मध्ये कुठेतरी पडते. नक्की कुठे यावर 2019 मध्ये दोन गटांनी दोन वेगळ्या पद्धतींनी वय काढलं, एकाच्या मते सीमेच्या काही दहा हजार वर्षं आधी मोठा लोंढा सुरू झाला, दुसऱ्याच्या मते जास्तीचा लाव्हा सीमेनंतरचा. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर यांनी बरीच वर्षं ठामपणे डेक्कनची बाजू मांडलीय आणि त्यांच्यामुळेच या भागाची वयं एवढी बारकाईनं काढली गेली असं मी मानते. पण समुद्राच्या तापमानाची नोंद बघा: सीमेच्या साधारण दोन-तीन लाख वर्षं आधी दोनेक अंशांनी तापमान वाढलं, ते डेक्कनच्या वायूंशी जुळतं, आणि सीमा यायच्या आत ते परत उतरलंही. त्या गरमीत महाविनाश नाही झाला. आणि ज्या थरात जीव जातात त्याच सेंटीमीटरात इरिडियम, शॉक्ड क्वार्ट्झ आणि काचेच्या गोळ्या आहेत. पॉल रेने यांच्या गटानं 2013 मध्ये वयं काढली तेव्हा इम्पॅक्टची काच आणि सीमा साधारण 32 हजार वर्षांच्या आत जुळली, सुमारे 6.604 कोटी वर्षांवर. मी डेक्कनला निर्दोष म्हणत नाही, नंतर जीवसृष्टी सावरायला वेळ लागला त्यात त्याचा हात असू शकतो, आणि चिक्शुलुबच्या धक्क्यानं डेक्कनचा प्रवाह वाढला असावा ही 2015 ची कल्पनाही अजून जिवंत आहे. पण मारेकरी कोण असं विचाराल तर माझं बोट युकातानकडे जातं.

यातच एक विचारणा नेहमी होते की मुंबईच्या समुद्रात शिव नावाचं पाचशे किलोमीटरचं विवर आहे ना, मग ते? तो एक दावा आहे, इम्पॅक्टवर काम करणाऱ्यांनी तो मान्य केलेला नाही. शॉकचा पक्का पुरावा नाही, आणि एवढ्या जवळ पाचशे किलोमीटरचं विवर असतं तर आजूबाजूच्या थरांत त्याची राख मीटरांनी मोजावी लागली असती.

एकाच वेळी दोन-तीन दगड पडले का, हा मात्र अजून उघडा प्रश्न आहे. युक्रेनमधलं 24 किलोमीटरचं बोल्टिश आधी चिक्शुलुबचा जोडीदार मानलं जायचं, 2021 मध्ये वय सुधारलं तर ते साडेसहा लाख वर्षं नंतरचं निघालं. आता पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या समुद्रात नादिर नावाचं नऊएक किलोमीटरचं विवर 2022 मध्ये सीस्मिक डेटात दिसलंय, गाळाच्या थरांवरून वय 6.6 कोटींच्या जवळ वाटतं, पण तिथे ड्रिल करून खडक हातात आल्याशिवाय ते त्याच दिवशीचं की लाखो वर्षं इकडेतिकडे हे ठरणार नाही. घाई का करू नये याचं ताजं उदाहरण ग्रीनलंडच्या बर्फाखालचं हायावाथा: 2018 मध्ये 31 किलोमीटरचं विवर जाहीर झालं आणि लगेच बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीच्या अचानक आलेल्या थंडीशी, मॅमथ नाहीसे होण्याशी जोडलं गेलं, किती लेख आले तेव्हा. 2022 मध्ये वय निघालं 5.8 कोटी वर्षं.

आणि तो चिक्शुलुबचा कोअर, ज्याबद्दल विचारणाऱ्यानं शेवटी एक ओळ लिहिली होती की विवराच्या आत काय झालं असेल. त्यात साधारण 130 मीटरचा थर फक्त पहिल्या एका दिवसात साचलेला आहे, खाली वितळलेला खडक, वर फुटलेले तुकडे मोठ्याकडून बारीक होत गेलेले, सगळ्यात वर परत आलेल्या त्सुनामीनं आणलेला गाळ आणि त्यात जमिनीवरचा कोळसा. त्याच्यावर पाऊण मीटरचा बारीक गाळाचा थर, पाण्यात लोंबकळत राहिलेली धूळ खाली बसताना झालेला, वरच्या टोकाला इरिडियम. आणि या पाऊण मीटरात, म्हणजे दगड पडल्यावर काही वर्षांतच, बारीक बिळं दिसतात. कुठलातरी किडा त्या विवराच्या तळाशी गाळ खणत होता. तीस हजार वर्षांत तिथे भरपूर जीव नांदत होते, लांबच्या कितीतरी समुद्रांपेक्षा लवकर.